रोडग्यांच्या पंगतीला कंदील किती?

दोस्तांनो, डिसेंबर संपत आला आणि शाळेला नाताळची सुट्टी लागली, की बुलढाण्याकडच्या घरांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो : "शेतात रोडगे कधी करायचे?"

ज्यांनी रोडगे खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. गव्हाचं जाडसर पीठ तेलाचं मोहन घालून घट्ट मळायचं. छोट्या छोट्या पोळ्या लाटायच्या, मध्ये तेलाचा हात फिरवून एकावर एक ठेवायच्या आणि त्यांचा गोळा वळायचा. गोवऱ्यांचा जाळ करायचा. जाळ बसला, की निखाऱ्यांत आणि गरम राखेत हे गोळे भाजायचे. राख झटकली, रोडगा फोडला, त्यावर तूप सोडलं, शेजारी वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण आलं, की मग कुणी कुणाशी बोलत नाही!

अशा बेताला देऊळघाट हे अगदी साजेसं गाव. बुलढाणा शहराच्या पश्चिमेला, थोड्याच अंतरावर. भूगोलात तुम्ही पैनगंगा नदीचं नाव वाचलंच असेल. या गावापलीकडच्या अजिंठ्याच्या डोंगररांगेत ती उगम पावते आणि मोठा प्रवास करून वर्धा नदीला मिळते. घाटावरचा मुलूख असल्यामुळे थंडी चांगलीच बोचते. दुपारी सगळे शेतात जमतात, पीठ मळून होतं, गोवऱ्या रचल्या जातात, गप्पा रंगतात, आणि बघता बघता सहा वाजायच्या आतच सूर्य डोंगराआड जातो. सातला मिट्ट काळोख! रोडगे अजून राखेतच असतात आणि पंगत बसायची असते.

आता उजेडाचं काय?

हल्ली याचं उत्तर सोपं वाटतं. कुणीतरी एलईडीचा कंदील आणतो, बटण दाबतो, झालं! पण शेतातली रात्र ही घरातल्या रात्रीसारखी नसते. तिथे राखेखाली निखारे असतात. कुठे कठडा नसलेली विहीर असते. धुऱ्यावर विंचूकाटा असू शकतो. लहान भावंडं इकडून तिकडे धावत असतात. दिवा चुकीच्या जागी लावला तर तो असूनही काही दिसत नाही. म्हणून म्हटलं, या वेळी जरा उजेडाचाच अभ्यास करू. आणि शेवटी कंदील किती न्यायचे, तेही ठरवू.

चिमणीपासून एलईडीपर्यंत

तुमच्या आजी-आजोबांना विचारा. त्यांच्या लहानपणी शेतात न्यायला असायचा रॉकेलचा कंदील. संध्याकाळी त्याची काच राखेने किंवा कागदाने पुसायची, वात कापून सारखी करायची, रॉकेल भरायचं, ही कामं बहुधा मुलांकडेच असत. कराडजवळ ओगलेवाडीला ओगले बंधूंचा काचेचा मोठा कारखाना होता. १९१६ मध्ये सुरू झालेल्या या कारखान्याचा 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रात घरोघरी माहीत होता. वाऱ्यात न विझणारा, हातात धरून नेता येणारा दिवा म्हणजे कंदील, हे समीकरणच होतं.

ज्यांना कंदील परवडत नसे त्यांच्याकडे चिमणी. तिचा उजेड कमी आणि धूरच जास्त. चिमणी कलंडून अंगावर रॉकेल सांडलं आणि भाजलं, अशा घटना खेड्यापाड्यांतून किती झाल्या त्याला गणती नाही.

लग्न, तमाशा, वरात असेल तर गॅसबत्ती यायची. नाव गॅसबत्ती, पण आत असायचं रॉकेलच! पंप मारून रॉकेलवर दाब द्यायचा, ते तापून त्याची वाफ व्हायची आणि ती वाफ एका बारीक जाळीवर जळायची. ही जाळी म्हणजे मँटल. ते १८८५ मध्ये ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर यांनी शोधून काढलं. मँटल तापलं की पांढरंशुभ्र चमकतं. गॅसबत्तीचा उजेड झकास, पण तिचा तो फर्रर्र आवाज, ती तापलेली काच, आणि धक्का लागला की राख होऊन गळणारं मँटल! ती लावायला एक जाणता माणूसच लागायचा.

मग आला एलईडी. गंमत म्हणजे हा दिवा वयाने तसा लहान नाही. १९६२ मध्ये अमेरिकेत निक होलोनियाक यांनी डोळ्यांना दिसणारा लाल उजेड देणारा एलईडी बनवला. पुढे हिरवा, पिवळाही आला. रेडिओवर, घड्याळात, कॅल्क्युलेटरमध्ये ते मिणमिणू लागले. पण निळा काही केल्या जमेना. आणि निळ्याशिवाय पांढरा उजेड मिळेना! जपानच्या इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांनी वर्षानुवर्षं खटपट करून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला झगझगीत निळा एलईडी तयार केला. त्यासाठी २०१४ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. आज तुमच्या कंदिलात जो पांढरा उजेड दिसतो त्याच्या पोटात हाच निळा दिवा आहे, बरं का!

हा दिवा तापत का नाही?

जुन्या बल्बमध्ये बारीक तार असे. वीज गेली की ती तापून लाल-पिवळी होई. म्हणजे बल्ब आधी शेगडी आणि मग दिवा! बहुतेक वीज उष्णतेतच जाई.

एलईडीत तार नाही. त्यात अर्धवाहक पदार्थाचे दोन थर एकमेकांना चिकटवलेले असतात. एका थरात इलेक्ट्रॉन जास्त, दुसऱ्यात इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा जास्त. वीज वाहू लागली की इलेक्ट्रॉन पलीकडे जाऊन त्या रिकाम्या जागांत बसतात. बसताना त्यांच्याजवळची जास्तीची ऊर्जा बाहेर पडते, तीही सरळ प्रकाशाच्या रूपात. पांढऱ्या एलईडीवर पिवळसर पदार्थाचा एक लेप असतो. आतला थोडा निळा उजेड त्यातून पार होतो, बाकीचा लेपात शिरून पिवळा होऊन बाहेर येतो. निळा आणि पिवळा मिळून आपल्या डोळ्यांना पांढरं दिसतं. कंदील बंद असताना आतल्या दिव्याकडे निरखून पाहा, तो पिवळा लेप दिसेल.

एलईडी अजिबात तापत नाही असं मात्र नाही. मोठ्या ताकदीचा दिवा मागच्या बाजूने चांगलाच कोमट होतो. पण चिमणीसारखी पेटती ज्योत नाही. वाळलेल्या कडब्याजवळ आणि भुसाऱ्याजवळ हाच केवढा मोठा फायदा आहे!

हा फायदा आपल्याकडे अनेक शाळकरी मुलांनी अनुभवलेला आहे. मुंबईच्या आयआयटीने २०१४ मध्ये एक मोठा उपक्रम हाती घेतला. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान आणि ओडिशातल्या खेड्यांमधल्या दहा लाख विद्यार्थ्यांना सूर्यावर चालणारे छोटे एलईडी दिवे अभ्यासासाठी द्यायचे. मुलांनी त्यासाठी फक्त १२० रुपये द्यायचे. दिवे जोडण्याचं आणि बिघडले तर दुरुस्त करण्याचं काम गावातल्याच माणसांना शिकवलं गेलं. चिमणीच्या धुरात डोळे चोळत अभ्यास करणाऱ्या मुलांना तो इवलासा दिवा किती मोठा वाटला असेल!

उजेड मोजायचा कसा?

दूध लिटरमध्ये मोजतात, तसा दिव्यातून निघणारा एकूण उजेड 'ल्यूमेन'मध्ये मोजतात. साधारण मेणबत्ती १२ ल्यूमेनच्या आसपास. चांगला पुसलेला रॉकेलचा कंदीलही १०० ल्यूमेनपर्यंत पोचणं कठीण. आणि आजचा दोन वॅटचा एलईडी कंदील सहज २०० ल्यूमेन देतो. कंदील घेताना खोक्यावर वॅटपेक्षा हा आकडा बघा.

पण दिव्यातून किती उजेड निघाला, यापेक्षा तुमच्या ताटावर किती पडला हे महत्त्वाचं. तो मोजतात 'लक्स'मध्ये. सगळीकडे सारखा उजेड पसरवणारा २०० ल्यूमेनचा कंदील घेतला, तर हिशेब असा येतो :

एक मीटरवर सुमारे १६ लक्स.
दोन मीटरवर सुमारे ४ लक्स.
चार मीटरवर सुमारे १ लक्स.

पाहिलंत? अंतर दुप्पट झालं की उजेड अर्धा होत नाही, चौथाई होतो! म्हणून एक प्रचंड दिवा लांब लावण्यापेक्षा दोन-तीन लहान दिवे जवळ ठेवलेले बरे.

आता आणखी एक मजा. पौर्णिमेच्या स्वच्छ चांदण्यात जमिनीवर फार तर पाव लक्स उजेड असतो. त्यातही कोजागरीला आपण लपंडाव खेळतोच ना? म्हणजे कंदिलापासून चार मीटर दूर बसलेल्या माणसालाही चांदण्याच्या चौपट उजेड मिळतो. माणसाचे डोळे किती थोडक्यात भागवतात!

कंदील रात्रभर पुरेल का?

हे गणित सहावीतल्या मुलालाही जमेल. कंदिलाच्या बॅटरीवर समजा लिहिलं आहे, २००० मिलीअँपिअर-तास आणि ३.७ व्होल्ट. म्हणजे २ अँपिअर-तास. दोन्हींचा गुणाकार करा : २ × ३.७ = ७.४ वॅट-तास.

कंदील पूर्ण ताकदीवर २ वॅट घेतो. ७.४ भागिले २, म्हणजे ३.७ तास. थोडी ऊर्जा वाया जातेच. तेव्हा तीन तास धरा. पंगतीचा कार्यक्रम साडेसहा ते साडेदहा, चार तासांचा. म्हणजे ऐन आवराआवरीच्या वेळी कंदील डोळे मिटणार!

मग करायचं काय? बटण आणखी एकदा दाबून उजेड अर्ध्यावर आणायचा. आता तो एकच वॅट घेईल आणि सहा तासांहून जास्त चालेल. उजेड अर्धा झाला तरी डोळ्यांना फारसा फरक कळत नाही, हे तुम्ही घरी करून पाहा.

कुठे ठेवायचे?

समजा, एक नात आणि तिचे आबा पंगतीची तयारी करताहेत. त्यांचं बोलणं ऐकू या.

"आबा, कंदील झाडाले टांगू ना, चांगला उंच? सगळ्याईले दिसीन."

"अवं माय, दिसीन कसा? साऱ्याईच्या डोयातच जाईन तो. जेवाचं ताट कुठी हाये?"

"खाली."

"मंग उजेड कुठी पाह्यजे?"

"खालीच!"

आबांनी एका वाक्यात सगळं सांगितलं. जिथे काम आहे आणि जिथे धोका आहे, तिथे उजेड हवा. त्या हिशेबाने आता जागा ठरवू.

पहिला कंदील, निखाऱ्यांपाशी. पण अगदी जवळ नाही. प्लॅस्टिक वितळतं आणि बॅटरीला उष्णता सोसत नाही. चार-पाच हात दूर, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला, म्हणजे धूर आणि ठिणग्या कंदिलाकडे जाणार नाहीत. रोडगे उलटणारी व्यक्ती उजव्या हाताने काम करत असेल तर कंदील तिच्या डाव्या अंगाला. नाहीतर स्वतःच्या हाताची सावली नेमकी रोडग्यावर! आणि लक्षात ठेवा, राखेने झाकलेले निखारे एलईडीच्या पांढऱ्या उजेडात लाल दिसत नाहीत. निव्वळ राख वाटते. लहान मुलं तिथेच पाय देतात. म्हणून त्या जागेभोवती दगडांचं कडं करा.

दुसरा कंदील, पंगतीत. समोरासमोर दोन ओळी बसवा आणि मधल्या मोकळ्या जागेत उपड्या घमेल्यावर कंदील ठेवा, अर्ध्या ताकदीवर. डोळ्यांवर तिरीप येत असेल तर भोवती पांढऱ्या कागदाची गुंडाळी करा, आकाशकंदिलासारखी. पाठीमागे दिवा ठेवला तर प्रत्येकाची सावली त्याच्याच ताटात पडेल आणि वांग्याच्या भाजीतली मिरची आणि फोड ओळखू येणार नाही!

तिसरा कंदील, विहिरीपाशी. हा सगळ्यांत महत्त्वाचा. रात्री विहिरीकडे जायचं नाही, हा नियम तर आहेच. तो अंधार पडायच्या आधी लहानमोठ्या सगळ्यांना जागेवर नेऊन सांगायचा. पण खेळाच्या भरात नियम विसरतात. म्हणून विहिरीपासून आठ-दहा पावलं अलीकडे काठीला कंदील बांधून ठेवा आणि त्यावर लाल जिलेटीनचा कागद लावा. हा दिवा पाहण्यासाठी नाही, "इथून पुढे नको" असं सांगण्यासाठी आहे. शिवाय तिथे एका मोठ्या माणसाने लक्ष ठेवायलाच हवं. दिवा राखणदाराचं काम करू शकत नाही.

चौथा कंदील, वाटेसाठी. शेतातून गाडीपर्यंत किंवा घरापर्यंत जायला. तो गुडघ्याच्या उंचीवर धरायचा आणि उजेड पावलांपुढे पाडायचा. समोरून मोटारसायकल आली तर उजेड खाली. चालवणाऱ्याचे डोळे दिपले तर त्याला रस्ताही दिसत नाही आणि तुम्हीही दिसत नाही. थंडीत साप कमी दिसतात हे खरं, पण घोणस, मण्यार रात्रीच हिंडतात. पायात बूट हवेत. गोवऱ्यांच्या ढिगात, दगडाच्या फटीत, कडब्याच्या गंजीत आधी उजेड, मग हात. कुणाला साप चावलाच, तर त्याला धीर द्या. चावलेला भाग हलवू देऊ नका. दोरी आवळू नका, कापू नका, चोखू नका. १०८ क्रमांकावर फोन करा आणि ताबडतोब सरकारी दवाखाना गाठा. सापाच्या विषावरचं औषध तिथेच मिळतं, मांत्रिकाकडे नाही.

पाचवा कंदील, पिशवीत. पूर्ण चार्ज केलेला, बंद. अडीअडचणीला हाच धावून येतो.

झाले की नाही बरोबर पाच? तीस-चाळीस माणसांच्या पंगतीला एवढे पुरतात. माणसं जास्त असतील तर पंगतीत आणखी एक-दोन वाढवा. विहिरीचा आणि पिशवीतला मात्र कमी करू नका.

हे मात्र कधीच करू नका

काही जण शेतातल्या मोटारीच्या पेटीतून वायर ओढून बल्ब लावतात, कुणी तर तारेवर आकडा टाकतात. ओली जमीन, अनवाणी पाय आणि उघडी वायर! अशा उजेडापायी जीव गेलेले आहेत. बॅटरीवर चालणारा कंदील असताना ही जोखीम कशासाठी?

सजावटीच्या छोट्या एलईडी पणत्यांमध्ये बटणासारखी चपटी बॅटरी असते. ती लहान बाळाच्या हाती लागली तर गोळी समजून तोंडात जाते. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजून इजा होऊ शकते. ज्या पणतीचं झाकण स्क्रूने बंद होत नाही ती बाळाच्या आसपास नकोच. बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायचा प्रयत्न न करता थेट दवाखान्यात जायचं. आई-बाबांनीही हे ध्यानात ठेवावं.

फुगलेली, चेपलेली बॅटरी चार्ज करू नका. जुनी बॅटरी विस्तवात टाकू नका, ती फुटते. कचऱ्यातही टाकू नका. दिव्यांची दुरुस्ती करणाऱ्या किंवा इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्या दुकानात द्या.

उरलेलं अन्न शेतात टाकून येऊ नका. बुलढाण्याजवळच ज्ञानगंगा अभयारण्य आहे. तिथे अस्वलं आहेत, बिबटे आहेत. अन्नाच्या वासाने जनावरं शेतावस्तीकडे वळली तर त्रास त्यांनाही आणि आपल्यालाही.

थोडा अंधारही हवा!

जेवणं झाली, आवरून झालं. आता विहिरीचा दिवा तेवढा ठेवून बाकीचे कंदील दहा-पंधरा मिनिटं बंद करा. मुलांनी मात्र जागेवरच बसून राहायचं.

आधी काहीच दिसणार नाही. पण आपल्या डोळ्यांत मंद उजेडात काम करणाऱ्या खास पेशी असतात. त्यांना पूर्ण जागं व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. पांढरा दिवा एकदा डोळ्यांवर पडला की ही मेहनत वाया! लाल उजेडाने मात्र त्यांचं फारसं बिघडत नाही. विहिरीच्या कंदिलाला लाल कागद लावण्याचा हा दुसरा फायदा.

डिसेंबरअखेर रात्री नऊच्या सुमारास पूर्वेकडे पाहा. ओळीत तीन तारे दिसतील. तो मृग नक्षत्रातला बाण. त्याच्या खाली आग्नेयेला झगझगतो तो व्याध, रात्रीच्या आकाशातला सगळ्यांत तेजस्वी तारा. मृगाच्या वर तांबूस रोहिणी आणि आणखी वर कृत्तिकांचा पुंजका. किती कृत्तिका मोजता येतात, त्याची पैज लावा. शहरातल्या मुलांना हे भाग्य मिळत नाही. म्हणूनच विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाने आपल्या परिसरातले दिवे बदलले, काळोख जपला, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याला भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. अंधार जपल्याबद्दल मिळालेली शाबासकीच म्हणा ना!

दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या किड्यांचंही आता कोडं उलगडू लागलं आहे. किडे दिव्यावर प्रेम करतात असं आपण म्हणायचो. पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगवान कॅमेऱ्याने त्यांचं उडणं टिपलं, तेव्हा वेगळंच दिसलं. किडे उडताना पाठ उजेडाकडे ठेवतात. रात्री उजेड आकाशातून येतो, म्हणून पाठ आकाशाकडे राहते आणि ते सरळ उडतात. मध्येच आपला दिवा आला की पाठ त्याच्याकडे वळते आणि बिचारे गोल गोल फिरत राहतात. निळसर पांढऱ्या दिव्याकडे बहुतेक किडे जास्त येतात, पिवळसर दिव्याकडे कमी. म्हणून पंगतीसाठी पिवळसर उजेडाचा कंदील निवडा. वरणात किडे पडणार नाहीत आणि त्यांचाही जीव वाचेल.

करून पाहा

*पाण्याचा कंदील :* नुसती टॉर्च असेल तर ती उभी ठेवा आणि तिच्या तोंडावर पाण्याने भरलेली पांढुरकी, अर्धपारदर्शक बाटली ठेवा. एका रेषेत जाणारा उजेड चहूकडे पसरेल. पाण्यात दुधाचे दोन-चार थेंब टाकले तर आणखी छान.

*तेलाच्या डागाचं यंत्र :* एका पांढऱ्या कागदावर तेलाचा थेंब टाका. अंधाऱ्या खोलीत एका बाजूला मेणबत्ती, दुसऱ्या बाजूला कंदील, मध्ये हा कागद उभा धरा. कागद पुढे-मागे सरकवा. एका जागी डाग जवळजवळ नाहीसा होईल. तिथे दोन्ही बाजूंचा उजेड सारखा! समजा, तेव्हा मेणबत्ती ३० सेंटिमीटरवर आहे आणि कंदील १२० सेंटिमीटरवर. कंदील चौपट लांब, म्हणजे त्याचा उजेड चार गुणिले चार, सोळा पट. मेणबत्ती लावताना घरातलं मोठं माणूस जवळ हवं.

आणि सुट्टी संपल्यावर?

कंदील माळ्यावर टाकून देऊ नका. बॅटरी पूर्ण उतरलेली राहिली तर ती खराब होते. अर्धीअधिक चार्ज करून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा चार्ज करा.

पण त्याहून चांगली जागा आहे. कितीतरी शेतकऱ्यांना मोटारीसाठी रात्रीची वीज मिळते. तुमचे बाबा, काका किंवा शेजारचे दादा ऐन थंडीत, बारा-एक वाजता गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायला एकटे जातात. तोच धुरा, तीच विहीर, तेच साप आणि सोबतीला कुणीही नाही. तुमच्या पंगतीतला चौथा आणि पाचवा कंदील त्यांच्या दाराशी खिळ्याला टांगून ठेवा. रोज संध्याकाळी तो चार्ज झाला आहे की नाही हे बघण्याचं काम घरातल्या मुलांनी घ्यावं. पूर्वीची मुलं कंदिलाची काच पुसायची. आता काच नाही, वात नाही, पण काम तेच आहे. रात्री शेतात जाणाऱ्या माणसाच्या हातात भरवशाचा उजेड द्यायचा.

चला तर मग, गोवऱ्या रचायला घ्या. आणि हो, रोडग्यावर तूप जरा जास्त सोडा!